कल्याण-जुन्नर घाटवाट : शब्दांच्या साक्षीने एक विचार

१. विषयाची मर्यादा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतून आठवड्याच्या अखेरीस सह्याद्रीच्या वाटा चालावयास निघणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत पुष्कळच वाढली आहे. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी या क्रमाने माळशेज घाटाकडे जाणारा मोटाररस्ता हा या मंडळींचा नित्याचा मार्ग होय. वैशाखऱ्याच्या पुढे रस्ता सोडून पूर्वेकडील कड्याला भिडले, म्हणजे नाणेघाटाची जुनी वाट लागते. झाडीतून चढत जाणारी, पुढे दगडांनी बांधलेली आणि अखेरीस एका अरुंद नाळेतून माथ्यावर पोहोचणारी ही वाट दोन हजार वर्षांपूर्वी वाहती होती, याविषयी आता कोणास संशय उरलेला नाही. माथ्यावर लेणे आहे, लेण्यात ब्राह्मी लिपीतील लेख आहे, आणि खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. हा रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, म्हणून या घाटास 'नाणेघाट' हे नाव पडले, असे तेथे येणाऱ्या प्रत्येकास सांगण्यात येते.

प्रस्तुत लेखात या घाटाचा राजकीय इतिहास सांगण्याचा हेतू नाही. ते काम इतिहासकारांनी उत्तम प्रकारे केलेले आहे. वाट ही केवळ दगडमातीची नसते, ती शब्दांचीही असते, आणि शब्दांना स्वतःचे वय असते. हे वय ठरविण्याची काही साधने भाषाशास्त्रापाशी आहेत. त्या साधनांनी पाहता कल्याण-जुन्नर वाटेविषयी काय निश्चित म्हणता येते, आणि जे निश्चित म्हणून सांगितले जाते त्यातील किती टिकते, एवढाच येथील प्रश्न आहे.

२. वाट कोठून कोठे

कल्याण हे उल्हास नदीच्या खाडीवरील बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात त्याचा 'कॅलिएना' असा उल्लेख आहे. ज्येष्ठ सारगन याच्या काळी हे मान्यताप्राप्त व्यापारपेठ होते, परंतु सांदन याच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारास प्रतिबंध झाला, आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. सारगन म्हणजे सातकर्णी असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर या देशावरील दोन मोठ्या पेठांची नावे येतात. तगर म्हणजे आजचे तेर होय. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड बाहेर जात असे.

एका टोकास कल्याण व सोपारा ही बंदरे, दुसऱ्या टोकास पैठण व तेर, आणि मध्ये सह्याद्रीचा कडा, असे चित्र डोळ्यांपुढे आणले असता जुन्नरचे महत्त्व आपोआप ध्यानात येते. कोकणातून चढून आलेला माल माथ्यावरील घाटघर या गावी पोहोचला, की पुढे कुकडी नदीच्या खोऱ्याने तो सपाटीवरच उतरत जातो. या खोऱ्याच्या दोन्ही अंगांस जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले उभे आहेत. जीवधन तर घाटाच्या माथ्यालाच लागून आहे. किल्ल्यांची ही मांडणी पाहिली तरी वाटेचे मोल कळते. जुन्नरच्या आसपासची लेणी व्यापारी मार्गांच्या सांध्यावर खोदली गेली, हा विचार दा. ध. कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात आग्रहाने मांडला. त्यासाठी त्यांनी या भागातील वाटा स्वतः पायी तुडविल्या होत्या.

आता या मार्गावरील गावांच्या नावांकडे पाहू. 'ठाणे' हे नाव शिलाहारांच्या लेखांत 'स्थानक' असे येते. स्थानक, ठाणअ, ठाणे हा क्रम सरळ आहे. 'जुन्नर' हे 'जीर्णनगर' या शब्दापासून आले असे नेहमी सांगितले जाते. अर्थाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, परंतु रूपाच्या दृष्टीने त्यात थोडी दुरुस्ती हवी. 'जीर्ण' याचे प्राकृत रूप 'जिण्ण' होते; 'जुन्नर' मधील उकार त्यातून निघत नाही. संस्कृतात 'जीर्ण' याच्या जोडीला 'जूर्ण' असेही रूप आहे. त्याचे 'जुण्ण' आणि मराठीत 'जुना'. म्हणजे 'जुण्णणयर' हे जुन्नरचे मूळ मानले पाहिजे. 'नगर' याचे 'णयर' आणि त्याचे पुढे 'नेर' किंवा 'नर' झाल्याची उदाहरणे संगमनेर, पारनेर, सिन्नर या शेजारच्याच गावांत आढळतात. यातून ऐतिहासिक निष्कर्ष असा निघतो की, ज्या काळी हे नाव पडले त्या काळीही ते गाव लोकांच्या दृष्टीने 'जुने' झालेले होते.

'कल्याण' मात्र वेगळ्या वाटेने गेले. लेखांत ते 'कलियण' किंवा 'कलिअण' असे दिसते, आणि ग्रीकाने ऐकलेले रूपही त्याच्या जवळचे आहे. हे नाव बोलीच्या प्रवाहातच राहिले असते तर आज त्याचे काही निराळेच रूप आपल्या कानी पडले असते. परंतु मंगलवाचक अर्थामुळे सुशिक्षितांनी त्याला पुनःपुन्हा संस्कृत रूपाकडे ओढून नेले. जुन्नर झिजले, ठाणे झिजले, कल्याण झिजू दिले गेले नाही.

३. वाटेचे शब्द

डोंगर चढणाऱ्या मराठी माणसापाशी वाटेसाठी एकच शब्द नाही. घाट, खिंड, दार, बारी, नाळ, निसणी, सोंड, धार असे कितीतरी शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येक शब्द वाटेचे एकेक लक्षण सांगतो. माल लादलेला बैल जेथून जातो तो घाट. दोन डोंगरांमधील खाच ती खिंड. पाण्याच्या ओघाने कापलेल्या अरुंद घळीतून चढते ती नाळ किंवा नळी. जेथे शिडी लावल्यावाचून गत्यंतर नाही ती निसणी.

'निसणी' हा शब्द विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. संस्कृत 'निःश्रेणि' म्हणजे शिडी. त्याचे प्राकृत 'णिस्सेणि' आणि मराठी 'निसण' वा 'निसणी'. नागर मराठीत शिडी या अर्थी हा शब्द जवळजवळ लुप्त झाला आहे. डोंगरातील वाटांच्या नावांत मात्र तो जिवंत आहे. भीमाशंकरला कोकणातून खांडसवरून चढणाऱ्या दोन वाटांपैकी एकीस 'शिडी घाट' म्हणतात. तेथे नव्या शब्दाने जुन्या शब्दाची जागा घेतल्याचा नमुना पाहावयास मिळतो. 'नळीची वाट' हे नाव हरिश्चंद्रगडास मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून जाणाऱ्या अवघड चढास आहे, आणि तेथील घळ ज्याने पाहिली त्यास त्या नावाचे स्पष्टीकरण विचारावे लागत नाही.

'दार' आणि 'बारी' ही जोडी याहूनही मनोरंजक आहे. नाणेघाटाच्या शेजारीच 'भोरांड्याचे दार' नावाची वाट आहे. उत्तरेस नाशिककडे गेले, की अशाच अर्थी 'बारी' हा शब्द भेटतो. बागलाणातील सेलबारी व डोलबारी, तसेच १६७० साली शिवाजी महाराजांच्या सैन्याने मोगलांशी लढाई दिली ती कांचनबारी, ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. वरवर पाहता या दोन शब्दांत काही नाते दिसत नाही. परंतु संस्कृत 'द्वार' या एकाच शब्दाची प्राकृतात अनेक रूपे झाली, त्यांत 'दार' आणि 'बार' ही दोन्ही आहेत. हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ती नोंदविली आहेत. द्वारातील 'द' टिकला तेथे 'दार' झाले, 'व' बळावला तेथे 'बार' आणि त्यापासून 'बारी' झाले. म्हणजे एकाच डोंगररांगेच्या दोन भागांतील लोकांनी खिंडीला एकाच कल्पनेने नाव दिले. डोंगर म्हणजे भिंत आणि खिंड म्हणजे तिचे दार. फक्त शब्दाच्या वाटा वेगळ्या झाल्या. या दोन शब्दांची सीमा नेमकी कोठून जाते, हे नकाशावर दाखविता आले तर बोलींच्या अभ्यासास एक उत्तम साधन मिळेल.

'घाट' या शब्दाचा इतिहास सर्वांत व्यापक. संस्कृत 'घट्ट' म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा, पायऱ्यांचा धक्का. नदीचा घाट हा अर्थ भारतभर आहे. मराठीत आणि दक्षिणेकडे कानडीत या शब्दास डोंगराची चढण हा अर्थ प्राप्त झाला. पाण्याकाठच्या पायऱ्या आणि डोंगरातील पायऱ्या यांतील साम्य हा या अर्थांतराचा दुवा असावा. पुढे या शब्दाने मराठी माणसाच्या दिशाच ठरवून टाकल्या. 'घाटावर' म्हणजे देशावर, 'घाटाखाली' म्हणजे कोकणात. 'घाटमाथा' ही प्रदेशाची संज्ञा झाली, आणि वरून उतरून मुंबई-ठाण्यास मजुरीसाठी आलेल्या माणसास 'घाटी' म्हणण्यात येऊ लागले. या शेवटच्या शब्दात तुच्छतेची छटा मिसळली, हे त्या शब्दाचे दुर्दैव. मूळ अर्थ केवळ 'घाटावरचा' इतकाच होता.

युरोपीयांनी हा शब्द ऐकला तेव्हा एक वेगळीच गोष्ट घडली. स्थानिक माणूस खिंडीला घाट म्हणत होता. परक्याने ते सबंध डोंगररांगेचे नाव समजून नकाशावर लिहिले. 'पश्चिम घाट' ही संज्ञा अशी जन्मास आली, आणि २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत ही रांग दाखल झाली तीही याच नावाने. असेच युरोपातील आल्प्स पर्वताविषयी म्हणता येते. तेथील डोंगरी शेतकरी 'आल्प' म्हणतो तो शिखराला नव्हे. उन्हाळ्यात गुरे चारावयास नेण्याच्या उंचावरील कुरणाला. बाहेरच्यांच्या लेखी मात्र तो हिमशिखरांचा पर्वत झाला. दोन्ही ठिकाणी राहणाऱ्याने उपयोगाचे नाव दिले, पाहणाऱ्याने देखाव्याचे नाव घेतले.

४. दगडावरील शब्द

नाणेघाटातील लेखाची वार्ता विद्वज्जगास प्रथम विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दिली. त्याने हे लेणे १८२८ साली पाहिले. लेखाचे खरे वाचन पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आणि त्यांच्यामागून ब्यूलर याने केले. ब्यूलरचे वाचन १८८३ साली प्रसिद्ध झाले. लेख प्राकृत भाषेत असून तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात सातवाहन राजकुळाने केलेले अश्वमेधादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे आणि नाणी यांचे आकडे त्यात अंकचिन्हांनी लिहिलेले आहेत. शून्य नसलेल्या, दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे असणाऱ्या त्या अंकलेखनाचा हा भारतातील एक अतिशय जुना पुरावा होय.

लेण्याच्या मागील भिंतीत राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज केवळ पावलांचे अवशेष आणि वरील नावे उरली आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्रीसातकर्णी, महारठी त्रणकयिर ही त्यांतील काही नावे. राणीचे नाव आज 'नागनिका' असे रूढ झाले आहे. दगडावरील रूप मात्र 'नायनिका' आहे. दोन स्वरांमधील 'ग' जाऊन 'य' आला, ही प्राकृताची नेहमीची रीत. विद्वानांनी ती उलट फिरवून संस्कृत रूप बांधले. तसे करण्यास हरकत नाही, मात्र लोक कोणत्या नावाने हाक मारीत होते ते दगडच सांगतो.

या मोठ्या लेखाच्या तेजात घाटातील लहान लेख झाकून जातात. वाटेच्या इतिहासाच्या दृष्टीने ते अधिक बोलके आहेत. एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददास याने 'पोढी' दान दिल्याचे नमूद आहे. दुसऱ्यात वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी या राजाच्या तेराव्या वर्षी कामवन येथील दामघोष या गृहपतीने दिलेल्या अशाच दानाची नोंद आहे. 'कामवन' या नावाचे साम्य वसई तालुक्यातील 'कामण' या गावाशी आहे. परंतु नुसत्या साम्यावर गाव निश्चित करणे योग्य नव्हे.

'पोढी' म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. कान्हेरी व जुन्नर येथील लेखांतही हा शब्द वारंवार येतो. त्या लेखांतील दुसरा नित्याचा शब्द 'लेण'. 'लेण' शब्द मराठीने 'लेणे' या रूपात जपला. 'पोढी' मात्र व्यवहारातून गेला आणि त्याची जागा 'टाके' या शब्दाने घेतली. वस्तू तीच, पाणी तेच; नाव बदलले.

जुन्नरच्या बाजूस गेल्यावर कल्याणकरांची नावे भेटतात. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका 'हेरणिका'च्या मुलाने, सुलसदत्ताने, दान दिले. 'हेरणिक' म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा, सोनार किंवा सराफ. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात कल्याणच्या सुवर्णकाराने पोढी दिल्याची नोंद आहे. सोपाऱ्याचा माणूस घाटाच्या माथ्यावर पाणी सोडतो आणि कल्याणचा सराफ घाटापलीकडे चैत्य कोरवतो, यापेक्षा या वाटेच्या वाहतेपणाचा अधिक चांगला पुरावा कोणता? तळच्या कोकणातून भर उन्हात माथा गाठणाऱ्यास प्रथम काय हवे असते, हे त्या दात्यांस नेमके माहीत होते.

५. 'नाणे' शब्दाचे वय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नाण्यांवरून नाणेघाट, आणि म्हणून तेथे सातवाहनकाळी जकात घेतली जात असे, हे अनुमान सर्वत्र प्रचलित आहे. त्याची तपासणी तीन अंगांनी करता येते.

पहिले अंग शब्दाच्या वयाचे. मराठी 'नाणे' हे संस्कृत 'नाणक' या शब्दापासून आले. हा शब्द मृच्छकटिकात व याज्ञवल्क्यस्मृतीत आढळतो. कुषाण राजांच्या नाण्यांवर 'नना' या देवतेचे चित्र व नाव असे, त्यावरून हा शब्द प्रचारात आला, ही उपपत्ती बऱ्याच अभ्यासकांनी स्वीकारली आहे. ती मान्य केली तर 'नाणक' शब्द इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांपूर्वी दख्खनेत रूढ असण्याचा संभव फार थोडा. प्रत्यक्ष नाणेघाटाच्या लेखात काय आहे? तेथे नाण्यांसाठी आलेला शब्द 'काहापण', म्हणजे कार्षापण, असा आहे; एका ठिकाणी २४,४०० काहापणांच्या दानाचा उल्लेख आहे. लेख कोरणाऱ्यांच्या तोंडी 'नाणे' हा शब्दच नसेल, तर त्यांनी या घाटास नाण्यांवरून नाव दिले असणे शक्य नाही. नाव नाण्यांवरूनच पडले असे धरले तरी ते पुढील काळातील ठरते.

दुसरे अंग समासाच्या रचनेचे. मराठीत एकारान्त नपुंसकलिंगी शब्द समासात प्रथम आला, की जुन्या शब्दांत त्याचा शेवटचा स्वर गळतो. सोने, परंतु सोनचाफा. केळे, परंतु केळफूल. या न्यायाने जुने नाव 'नाणघाट' असे व्हावयास हवे होते. 'नाणेफेक', 'नाणेबाजार' यांसारखे अखंड रूपाचे समास अलीकडचे आहेत. हा युक्तिवाद एकटा निर्णायक नव्हे, कारण ग्रामनामे जशीच्या तशी समासात येतात. परंतु त्यामुळेच तिसरा मुद्दा पुढे येतो.

तिसरे अंग घाटांना नाव देण्याच्या पद्धतीचे. सह्याद्रीतील घाटांची नावे पाहिली तर ती बहुधा गावावरून, देवतेवरून अथवा भूमीच्या लक्षणावरून पडलेली दिसतात. कुसूर घाट कुसूर गावावरून, आहुपे घाट आहुपे गावावरून, गणपती घाट गणपतीवरून, शिडी घाट शिडीवरून. कराच्या नावाने ओळखला जाणारा घाट या यादीत बसत नाही. शिवाय 'नाणे' हे ग्रामनाम म्हणून अन्यत्रही आढळते. मावळात कामशेतजवळ नाणे नावाचे गाव असून त्यावरून 'नाणे मावळ' ही संज्ञा रूढ आहे. स्थलनाम म्हणून 'नाणे' या शब्दाचा नाण्यांशी संबंध असलाच पाहिजे असे नाही.

याच्या उलट, 'नाना' या व्यक्तीवरून किंवा 'नायनिका' राणीवरून हे नाव आले असे कोणी सुचवील तर तेही सहज मान्य करता येणार नाही. प्राकृतातील जोडाक्षरी 'ण्ण' मराठीत 'न' होतो (कर्ण-कान, पर्ण-पान), आणि स्वरांमधील एकेरी 'न' मराठीत 'ण' होतो (पानीय-पाणी, जन-जण). त्यामुळे 'नायनिका' पासून 'नायणी' अथवा 'नाणी' निघू शकेल, 'नाणे' निघण्यास अंत्य स्वराचा आणखी एक बदल गृहीत धरावा लागेल. आणि मधल्या काळातील एकही रूप हाती नाही. 'नाना'ची गोष्ट वेगळी आहे. माथ्यावरील सुळक्यासारख्या कड्यास 'नानाचा अंगठा' म्हणतात, आणि गतशतकांतील इंग्रजी गॅझेटियरांत या घाटाचे नाव 'नाना' असेच छापलेले आहे. रोमन लिपीत 'न' आणि 'ण' यांचा भेद राहत नसल्याने मूळ उच्चार कोणता होता हे त्या छपाईवरून सांगता येत नाही. इतके मात्र खरे की, 'नाणे' हे एकच रूप अनादी काळापासून चालत आले असे गृहीत धरण्यास आधार नाही.

आणखी एक गोष्ट. मोठ्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद आहे, जकातीचा उल्लेख नाही. 'जकात' हा शब्दच मुळी अरबी, फारसीच्या द्वारे मराठीत आलेला. तेव्हा ज्या शब्दांत आज ही कथा सांगितली जाते त्यांतील दोन प्रमुख शब्द सातवाहनांच्या भाषेत नव्हते.

यावरून नाणेघाटात कर घेतलाच जात नव्हता, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अरुंद नाळ, माथ्यावरील राजलेणे, लागून असलेला किल्ला आणि दोन्ही टोकांच्या श्रीमंत पेठा हे सर्व लक्षात घेता तेथे चौकी असणे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे एवढेच की, त्या अनुमानाचा आधार भूगोल आहे, नाव नव्हे. नावाला साक्षीदार म्हणून उभे केले, तर उलटतपासणीत तो टिकत नाही, आणि त्याच्यामुळे चांगली बाजूही दुबळी होते.

६. वाटेचे उत्तरायुष्य

सातवाहनांनंतर ही वाट बंद पडली नाही. कोकणातील मीठ वर आणि देशावरील धान्य खाली, हा या घाटांचा शतकानुशतकांचा व्यवहार. खाडीकाठच्या मिठागरांतील 'आगर' हा शब्द संस्कृत 'आकर' म्हणजे खाण याचे रूप, त्यावरूनच 'आगरी'. मीठ वाहणाऱ्या 'लमाण' लोकांच्या नावाचा संबंध 'लवण' शब्दाशी जोडला जातो. बैलाच्या पाठीवरील 'गोणी' तर संस्कृत काळापासून बदललेलीच नाही.

१६५७ साली कल्याण शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले, आणि बंदर व घाटमाथा प्रथमच मराठी सत्तेखाली येण्यास प्रारंभ झाला. या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी हे किल्ल्यांच्या शिबंदीत आणि वाटांच्या राखणीत होते. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात हे जुने हक्क व चाकऱ्या गेल्या, आणि पुढील तीन दशकांत या प्रदेशात उठाव झाले. त्यांतील प्रमुख राघोजी भांगरे यांस २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. जवळपास एका शतकाने, २ जानेवारी १९४३ रोजी, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजी पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. घाटवाटा जाणणारी माणसे सत्तेस नेहमीच अवघड गेली.

वाटांचे व्यापारी मरण मात्र शस्त्राने नव्हे, रुळांनी ओढवले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट रेल्वेने ओलांडले. कल्याण पूर्वी घाटवाटांचे तोंड होते, ते आता दोन लोहमार्गांचे फाटे फुटण्याचे ठिकाण झाले. मधल्या सर्व वाटा ओस पडल्या. राहिली ती माथ्यावरील आणि पायथ्याशी असलेल्या वाड्या-पाड्यांची आपसांतील ये-जा. बाजारहाट, सोयरीक, जत्रा आणि देवदर्शन यांसाठी महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांनी वाटा चालत्या ठेवल्या, आणि त्यांबरोबर वाटांचे शब्दही चालते ठेवले.

७. समारोप

शहरातून येणाऱ्या चालणाऱ्यांमुळे ओस पडलेल्या वाटा आज पुन्हा मळू लागल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नवे नकाशे तयार होताना नावांचे सपाटीकरण होते. दार, बारी, नाळ, निसणी या सर्वांना 'घाट' किंवा इंग्रजी 'ट्रेक' म्हणून मोकळे होण्याची प्रवृत्ती दिसते. गावकऱ्याने उच्चारलेला 'ण' रोमन लिपीत जाऊन देवनागरीत 'न' होऊन परत येतो. निसणीला घाट म्हटले, तर तेथून गुरे जात नाहीत हे सांगणारा शब्दच नाहीसा होतो.

या बाबतीत स्वित्झर्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील अवघड खोऱ्यांतून जाणाऱ्या, एके काळी खेचरांच्या पाठीवरून माल वाहणाऱ्या वाटा रेल्वेने अशाच निरुपयोगी केल्या होत्या. १९८४ पासून सुमारे वीस वर्षे तेथे ऐतिहासिक वाटांची देशव्यापी नोंद करण्यात आली, आणि २०१० साली तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्या वाटांना जर्मन भाषेत म्हणतात त्या शब्दाचा पूर्वार्ध 'सौम' असा असून त्याचा मूळ अर्थ 'जनावराच्या पाठीवरील ओझे' असा आहे. आपल्या 'गोणी'चा तो भाऊच म्हणावयाचा. वाट जपावयाची तर तिचे नावही त्याच नोंदीत हवे, हे तेथील अभ्यासकांस उमगले होते.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड व शहापूर तालुक्यांत आणि माथ्यावर जुन्नर, आंबेगाव व अकोले तालुक्यांत अशी नोंद करणे फार खर्चाचे काम नाही. प्रत्येक वाटेचे नाव, ते उच्चारणाऱ्याच्या तोंडचे नेमके रूप, त्या नावाचा गावकऱ्यांस वाटणारा अर्थ, वाटेवरून जनावर जाते की केवळ माणूस, आणि ती कोणत्या दोन गावांस जोडते, एवढ्या पाच गोष्टी टिपल्या तरी पुरे. १८३१ साली मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा असे पुष्कळ शब्द लोकांच्या तोंडून मिळविले गेले होते. त्यानंतरचे काम आपणावर आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने घाटात पोढी खोदविली. आज ती पोढी आहे, पोढी हा शब्द नाही. निसणी, दार आणि बारी यांच्या बाबतीत तसे होऊ द्यावयाचे नसेल, तर ही नोंद हे शब्द सहज बोलणारी पिढी आहे तोवरच झाली पाहिजे.